पाणी सावकाश तापतं, म्हणून…

मे महिन्यात नागपूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा मुंबईचं कमाल तापमान साधारण ३३-३४ अंशांवर थांबतं. हा फरक मुख्यतः अरबी समुद्रामुळे पडतो.

एक ग्रॅम पाणी एका अंशानं तापवायला ४.१८ ज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच कोरड्या मातीला किंवा खडकाला याचा जेमतेम पाचवा हिस्सा पुरतो. याचं कारण रेणूच्या रचनेत आहे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनकडे किंचित ऋणभार आणि हायड्रोजनकडे किंचित धनभार असतो, त्यामुळे शेजारचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात. हे हायड्रोजन बंध. मिळालेल्या उष्णतेचा बराचसा भाग ते सैल करण्यात खर्च होतो.

म्हणूनच दिवसा जमीन लवकर तापते, समुद्र मागे राहतो आणि दुपारी किनाऱ्यावर खारे वारे सुटतात. मोठ्या प्रमाणावर हाच फरक मोसमी वाऱ्यांनाही चालना देतो.

आपलं शरीरही याच हायड्रोजन बंधांवर तगून आहे, कारण वाफ होताना पाण्याला ते तोडावे लागतात. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. मात्र हवा दमट असेल तर घाम नीट वाळत नाही आणि ३३ अंशांतही जीव कासावीस होतो.

तळ्यालाही हेच लागू आहे. गावातलं तळं बुजवलं, की पाण्याच्या साठ्याबरोबर भोवतालची हवा गार ठेवणारी सोयही जाते. उन्हाळे वाढत असताना तळी राखायला हवीत, त्याचं हे भक्कम कारण आहे.