अंधेरीची गावदेवी आणि सहा कोटी वर्षांचा कातळ

आईने पिशवीत दोन ओट्या भरून घेतल्या होत्या. दोन खण, दोन नारळ, तांदळाच्या दोन पुरचुंड्या, हळकुंडं, सुपाऱ्या. एक अंधेरीच्या गावदेवीची, दुसरी जोगेश्वरीची. मुलुंडहून डोंगरावरच्या देवीला जायचं म्हटलं की आमच्या घरात आजवर विरारची जीवदानी ठरलेली असायची. यंदा आईनेच सांगितलं, "अगं, माझ्या माहेरची देवी किती वर्षं राहिली आहे. आधी तिच्याकडे जाऊ."

आईचं माहेर अंधेरीचं. तिच्या लहानपणी तिथून वर्सोव्यापर्यंत शेतं आणि वाड्या होत्या. आता घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोत बसायचं आणि आझाद नगरला उतरायचं. २०१४ च्या जूनमध्ये ही मेट्रो सुरू झाल्यापासून पूर्वेच्या उपनगरातून अंधेरीला जाणं फार सोपं झालं. पुढे रिक्षावाल्याला 'गावदेवी डोंगरी' किंवा 'गिल्बर्ट हिल' सांगितलं की पुरतं. बोरिवलीकडच्यांना दहिसरहून येणारी मेट्रो सोयीची. सकाळी लवकर जावं, कारण उन्हं चढली की काळा दगड तापतो. पावसाळ्यात मात्र पायऱ्या निसरड्या असतात, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना नेऊ नये.

गल्लीचं वळण संपलं आणि माझी आठवीतली मुलगी थांबलीच. समोर इमारती, पत्र्याची घरं, वाळत घातलेले कपडे, आणि त्या सगळ्यांच्या मधून सरळ वर गेलेला काळा कातळ. उंची ६१ मीटर, म्हणजे सुमारे वीस मजले. याला डोंगर म्हणतात खरं, पण याला उतार नाहीच, सगळ्या बाजूंनी नुसत्या उभ्या भिंती. नीट पाहिलं की त्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा दिसतात, जाडजूड खांब एकमेकांना चिकटवून बांधल्यासारख्या.

"आजी, हे कोणी कोरलं गं?"

"कोणी नाही. देवीचा खांब आहे तो."

आईचं बरोबर होतं. हे खांब माणसाने कोरलेले नाहीत. तळ्याचा गाळ उन्हात वाळला की आक्रसतो आणि त्याला बहुकोनी भेगा पडतात. लाव्हा थंड होतानाही असाच आक्रसतो. थंड होणाऱ्या पृष्ठभागापासून भेगा काटकोनात आत शिरतात आणि सगळा दगड पाच-सहा बाजूंच्या खांबांमध्ये विभागला जातो. त्याला स्तंभाकार बेसाल्ट म्हणतात. मुंबईत तो इतका उंच, एकसंध आणि शहराच्या ऐन गर्दीत उभा आहे, हे मला दर वेळी नवलाचं वाटतं.

पायऱ्या कातळातच खोदलेल्या आहेत आणि चांगल्याच उभ्या आहेत. आई कठडा धरून, दहा पायऱ्या चढून एकदा थांबत, वर आली. वर पोचल्यावर एकदम मोकळं वाटतं. छोटी बाग आणि गावदेवी-दुर्गामातेचं देऊळ. चारी बाजूंना उपनगर पसरलेलं. आईने पदर सावरला, ओटी भरली, नारळ पुढे केला. पुजाऱ्यांनी ओटीतले मूठभर तांदूळ प्रसाद म्हणून परत दिले, ते तिने रुमालाच्या टोकाला बांधले.

गावदेवी म्हणजे गावाची राखणदार. मुंबईची उपनगरं ज्या बेटावर वसली त्या साष्टीचं नाव सासष्ट गावांवरून पडलं असं मानतात. त्या गावांची शेतं गेली, विहिरी बुजल्या. पण सोसायट्यांच्या मधे अजून कुठे ना कुठे गावदेवीचं देऊळ सापडतं आणि तिथे गाव होतं हे कळतं. अंधेरीच्या गावदेवीला तर असं आसन मिळालं आहे की ते बुजवताही येत नाही.

या आसनाचं वय किती? बातम्यांत ६ कोटी ६० लाख वर्षं हा आकडा येतो. डायनासोर नाहीसे झाले तो हाच काळ, म्हणून मुलांनाही तो आवडतो. दख्खनच्या ज्वालामुखींचा मोठा उद्रेक त्याच सुमाराचा. त्या लाव्ह्याने झाकलेला सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश आजही उरला आहे. पण या कातळाचं वय शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष मोजलं आणि २००१ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलं. ते ६ कोटी ५ लाख वर्षं भरलं, बारा लाख वर्षं इकडेतिकडे. खडकातल्या पोटॅशियमच्या एका प्रकारातून अतिशय संथपणे आर्गॉन वायू तयार होत राहतो आणि दगड घट्ट झाला की तो आतच अडकतो. तो किती साठला यावरून वय काढतात. म्हणजे हा कातळ जन्मला तेव्हा डायनासोर जाऊन पन्नासेक लाख वर्षं झाली होती. मोठा उद्रेक ओसरल्यावरही मुंबईच्या किनाऱ्याखाली आग जिवंत होती, हे या दगडाने सांगितलं. माझ्या मते डायनासोरच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

अमेरिकेत वायोमिंगमध्ये असाच खांबाखांबांचा 'डेव्हिल्स टॉवर' आहे, २६४ मीटर उंच. १९०६ साली तो त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय स्मारक ठरला. तिथल्या कायोवा लोकांच्या कथेत त्या रेघा म्हणजे अस्वलाच्या नखांचे ओरखडे. तिथल्या आदिवासी जमातींना तो पवित्र आहे, म्हणून जून महिन्यात गिर्यारोहकांनी त्यावर चढू नये अशी विनंती प्रशासन करतं. दगडाचं शास्त्र आणि लोकांचा देव दोन्ही सांभाळता येतात, ते असे.

आमच्याकडे मात्र आधी सुरुंग आले. आईला आठवतं, दुपारी भोंगा वाजायचा, मग धडधड आवाज, आणि फळीवरची भांडी थरथरायची. जोगेश्वरीच्या बाजूलाही असे खांब होते. ते फोडून खडी झाली आणि शहराच्या रस्त्यांत, इमारतींत गेली. हा एक उरला. पाड्यावरची देवराई जशी देवाच्या नावाने उरते, तसाच हा गावदेवीच्या नावाने उरला असावा, असं मला मनापासून वाटतं. भूशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २००७ साली महापालिकेने त्याला दुसऱ्या श्रेणीचा वारसा ठरवलं आणि भोवतीच्या खोदकामाला बंदी आली. कडांची झीज मात्र चालूच आहे आणि इमारती पायथ्याला येऊन टेकल्या आहेत. खांब धडपणे दिसावेत एवढी तरी जागा मोकळी ठेवायला हवी.

बागेत बसून आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं खाल्लं, आणि मग रिक्षाने पूर्वेला जोगेश्वरीच्या लेण्याकडे गेलो. हे सहाव्या शतकातलं, घारापुरीच्या थोडं आधीचं मानतात. शिवाचं लेणं, पण नाव देवीचं. गावदेवीला चढून जावं लागतं आणि इथे पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात शिरावं लागतं. वर वस्ती, खाली ओळीने कोरलेले खांब. दगड पाझरतो, शिल्पांचे चेहरे झिजून गेलेत. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागला. मुलीने एका खांबावर हात फिरवला. "आई, हे मात्र कोरलेले आहेत," ती हळूच म्हणाली.

आईने दुसरी ओटी भरली. इथेही मूठभर तांदूळ परत मिळाले. बाहेर पायरीवर बसून तिने रुमालाची गाठ सोडली, दोन्हीकडचे तांदूळ एकत्र केले आणि पुन्हा घट्ट बांधले.

"रात्री याचाच भात टाक," ती मला म्हणाली. "थोडा आहे. घरातल्या तांदळात मिसळ."