बुलढाणा : जिल्हा एक, मजले दोन

सहलीचा बेत ठरू लागला की घरातला कर्ता माणूस आधी हिशेबाला बसतो. अंतर किती, वेळ किती, पेट्रोल किती? मुलांना हॉटेल हवे असते, आजीला देवदर्शन हवे असते आणि गृहिणीची एकच अपेक्षा असते की चार दिवस स्वयंपाकघराचे तोंड पाहायला लागू नये. या सगळ्यांची मने राखता राखता बहुतेक बेत महाबळेश्वर, कोकण नाहीतर शिर्डी अशा ठरलेल्या रुळांवर येऊन थांबतात. बुलढाण्याचे नाव अशा वेळी सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. आले तरी ते 'वाटेत लोणार पाहून घेऊ' आणि 'जाता जाता शेगाव करू' एवढ्यापुरतेच.

आता तर समृद्धी महामार्ग झाला आहे. मुंबई आणि नागपूर यांना जोडणाऱ्या या ७०१ किलोमीटरच्या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये उरलेला टप्पाही पूर्ण झाला. सिंदखेडराजा आणि मेहकरच्या परिसरातून जाणारा हा रस्ता बुलढाणा जिल्हा पाऊण-एक तासात पार करवतो. सोय मोठी झाली यात शंका नाही. पण काचेआड बसून ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने पाहिलेला जिल्हा म्हणजे पाटीवरची दोन-तीन नावे. ज्यांना सवड आहे त्यांनी या रस्त्यावरून खाली उतरावे आणि तीन दिवस जिल्ह्याच्या साध्या रस्त्यांना द्यावेत. त्या तीन दिवसांचा बेत कसा आखावा, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख.

घाटावर आणि घाटाखाली

बेत आखण्याआधी जिल्ह्याची ठेवण समजून घ्यायला हवी. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन मजले केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा वरचा मजला. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा खालचा. इथली माणसे सोयरीक सांगतानादेखील 'मुलगी घाटावरची' किंवा 'घाटाखालची' असे सहज बोलून जातात. वरचे पाणी पैनगंगेला मिळून गोदावरीकडे जाते. खालचे पूर्णेतून तापीला आणि पुढे अरबी समुद्राला. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो, हे मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवण्यासारखे आहे.

मुंबई-हावडा रेल्वे खालच्या मजल्यावरून धावते. इंग्रजांना वऱ्हाडचा कापूस हवा होता, म्हणून जलंबहून खामगावपर्यंत एक छोटा फाटाही १८७० मध्येच निघाला. वरच्या मजल्यावर मात्र गाडी चढलीच नाही. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बुलढाण्याला आजही रेल्वे स्थानक नाही आणि खामगाव-जालना मार्गाची मागणी शतकाहून जुनी झाली आहे. म्हणूनच हा जिल्हा नीट पाहायचा तर रस्त्यानेच पाहावा लागतो. एस.टी.नेही तो पाहता येतो, पण लहान मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असतील तर स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन बरे.

पहिला दिवस : जिजाऊंचे माहेर

समृद्धीवरून सिंदखेडराजाला उतरावे. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाबाईंचा जन्म इथल्या लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यात झाला. पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीत संपणारे हे गाव प्रत्यक्षात अर्धा दिवस मागते. राजवाड्याचा भक्कम दरवाजा, काळा कोट, रंगमहाल, नीलकंठेश्वराचे मंदिर, मोती तलाव, पुतळा बारव आणि लखुजीरावांची भव्य समाधी. १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात लखुजीराव आणि त्यांचे पुत्र दग्याने मारले गेले. माहेर असे उजाड झालेल्या लेकीने पुढे काय घडवले, ते महाराष्ट्राला सांगायला नको. समाधीसमोर उभे राहून हा प्रसंग मुलांना सांगितला तर इतिहासाचा वेगळा तास घ्यावा लागत नाही.

याच समाधीच्या परिसरात २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात शेषशायी विष्णूचे सुरेख शिल्प सापडले. म्हणजे या गावाच्या पोटात अजून बरेच काही दडलेले आहे. दुपारी जवळच्याच देऊळगावराजाच्या बालाजीचे दर्शन घ्यावे, म्हणजे आजीचाही दिवस सार्थकी लागतो. जिजाऊ जन्मोत्सवाच्या दिवशी, १२ जानेवारीला, इथे अलोट गर्दी असते. तो सोहळा पाहायचा असेल तर जरूर जावे. वाडा निवांत पाहायचा असेल तर दुसरा दिवस निवडावा.

संध्याकाळी दुसरबीड, बिबी मार्गे लोणारला मुक्कामाला पोचावे. मुक्काम लोणारलाच का, ते सकाळी कळते.

दुसरा दिवस : सरोवर, शारंगधर आणि एक विसरलेली लढाई

बहुतेक प्रवासी लोणारला भर दुपारी येतात, काठावरून खाली डोकावतात, फोटो काढतात आणि तासाभरात निघून जातात. गावाच्या पदरात चहाच्या पैशांपलीकडे फारसे काही पडत नाही आणि पाहणाऱ्याच्याही पदरात फारसे पडत नाही. सूर्य वर येण्याआधी काठावर उभे राहा. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो वाटोळा खळगा, उतारावरची झाडी, मोरांचे ओरडणे आणि तळाशी निश्चल पाणी. अवकाशातून आलेल्या एका पाषाणाने हे काम केले आहे आणि तेही काळ्या बसाल्ट खडकात. अशा खडकातले आघाती विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ. चंद्र आणि मंगळावरची विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ म्हणून इथे येतात. 'ऐन-ए-अकबरी'त या सरोवराचा उल्लेख आहे आणि १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याकडे जगाचे लक्ष वेधले.

तळ्याचे पाणी खारट आणि कमालीचे अल्कधर्मी. काठावरच्या धारेचे पाणी मात्र गोड. जून २०२० मध्ये सरोवर एकाएकी गुलाबी झाले आणि वर्तमानपत्रांत नाना तर्क उठले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत कारण निघाले ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला 'रामसर' पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. हे अभयारण्य आहे, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि मोठमोठ्याने गाणी वरच ठेवून जावे. पाण्याच्या पातळीनुसार खालच्या वाटा बदलतात, म्हणून उतरण्याआधी वनखात्याच्या माणसांकडे चौकशी करावी. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर चुकवू नये. विष्णूने लवणासुराला मारले ती जागा हीच, अशी कथा आहे. उल्केची गोष्ट नातवंडांनी आजीला सांगावी आणि लवणासुराची आजीने नातवंडांना.

तिथून मेहकर जवळ. पैनगंगेच्या काठच्या या गावात शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली, पुरुषभर उंचीहूनही मोठी मूर्ती आहे. ती १८८८ मध्ये जमिनीखाली सापडली. इंग्रज अधिकारी ती विलायतेला नेतील या धास्तीने गावकऱ्यांनी घाईघाईने तिची प्रतिष्ठापना केली, असे इथे सांगतात.

मेहकरहून चिखलीकडे जाताना थोडी वाट वाकडी करून साखरखेर्डा गाठता येते. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी इथे निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिजखान यांच्यात लढाई झाली. निजाम जिंकला, गावाचे नाव फत्तेखेडा झाले आणि १९४८ पर्यंत टिकलेल्या हैदराबादच्या राज्याचा पाया घातला गेला. या मातीत एवढे मोठे राजकारण घडले, हे कळायला तिथे थांबावे लागते. रात्रीचा मुक्काम बुलढाण्याला करावा. डोंगरावरचे हे गाव थंड. हिवाळ्यात स्वेटर जवळ असू द्यावेत.

तिसरा दिवस : जंगलातून उतार

बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटाने खामगावला उतरणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ घर शोधत निघाला आणि तेलंगणाच्या हद्दीतून, शेताशिवारांतून सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबरमध्ये या जंगलात पोचला. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याचा सारा प्रवास नोंदला गेला. आपण मोटारीने करतो त्या प्रवासाचे कौतुक त्यापुढे काय सांगावे! हा रस्ता दिवसाउजेडीच पार करावा, गाडी हळू हाकावी आणि माकडांना खाऊ घालण्याचा मोह आवरावा.

खामगाव म्हणजे कापसाची आणि चांदीची पेठ. तिथून शेगाव अर्ध्या तासावर. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज इथे प्रथम दिसले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. संस्थानची शिस्त, स्वच्छता आणि सेवेकऱ्यांचे अदबशीर बोलणे पाहून न-भाविकही नमस्कार करतो. प्रकटदिन, रामनवमी आणि ऋषिपंचमीला मात्र निवाऱ्याची भिस्त ऐनवेळेवर ठेवू नये. दर्शनानंतर कचोरी खावी, हे सांगायची गरज नाही.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर पूर्णा ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याकडे जावे. अक्षय्य तृतीयेला पीकपाण्याचे भाकीत करणारी घटमांडणी होते ते भेंडवळ आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडणारे अंबाबरवा अभयारण्य याच बाजूला. हा भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीचे पाणी खारे, मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी जुन्या. लोणारचे खारे पाणी पाहायला आपण पैसे खर्चून येतो. पूर्णाकाठच्या घरांत ते वर्षानुवर्षे नशिबी आले आहे. हंडाभर गोड पाण्याची किंमत शहरातल्या मुलांना इथे न सांगता कळते.

घाई नको

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगायची. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी झोपेतच गेले. सरळ, रिकामा, एकसुरी रस्ता डोळ्यांवर झापड आणतो. 'रात्रभर गाडी मारू, सकाळी पोचू' हा बेत कितीही फायद्याचा वाटला तरी करू नये. निघण्याआधी टायर आणि त्यातली हवा तपासावी, दर दीड-दोन तासांनी थांबावे, मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. अंधार पडण्याच्या आत मुक्कामाला टेकायचे, हा एकच नियम पाळला तरी अर्धी काळजी मिटते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा उत्तम. होळीच्या सुमारास चिखली-बुलढाणा बाजूला सैलानीबाबांच्या यात्रेची गर्दी असते, तेवढी ध्यानात ठेवावी. जेवणाची चिंता नको. घाटावर असा की घाटाखाली, सांगून ठेवले तर भाकरी, पिठले आणि मिरचीचा ठेचा कुठेही मिळतो. मोठ्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा तो अधिक दिवस लक्षात राहतो आणि त्याचे पैसेही गावातच राहतात.

मोठा रस्ता आपल्याला जिल्ह्याच्या दारापर्यंत आणून सोडतो, हे त्याचे उपकार. दार उघडून आत जायचे की बाहेरूनच पुढे निघून जायचे, हे आपण ठरवायचे. येत्या सुट्टीत नकाशा पसरून बसाल तेव्हा नागपूर आणि मुंबईच्या मधोमध असलेल्या या दोन मजली घरावर जरा बोट थांबू द्या.