दोन दत्तक राजे, एकच साल

नागपूरजवळच्या मिहान प्रकल्पात जमीन गेलेले खापरीकडचे एक ओळखीचे शेतकरी आहेत. जमीन गेली, पण तिची प्लास्टिकची फाइल अजून त्यांच्या देवघराच्या फळीवर असते. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी तीतून सातबारा, फेरफार आणि हाताने काढलेली वंशावळ माझ्यापुढे पसरली. आजोबांच्या नावापाशी निळ्या शाईत बारीक अक्षरात 'दत्तक' लिहिलेलं. "या एका शब्दासाठी किती चकरा मारल्या जी," ते म्हणाले.

युरोपातल्या राजांच्या वंशावळी चाळायचा नाद मला तिकिटं जमवायच्या वयापासून आहे. हॅब्सबर्ग, बूर्बाँ वगैरे मंडळी सगळ्यांना ठाऊक असतात. मी अडकलो तो स्वीडनमध्ये. तिथला तेरावा कार्ल म्हातारा आणि निपुत्रिक. 1810 साली त्याने एक डॅनिश राजपुत्र दत्तक घेतला, तो काही महिन्यांतच घोड्यावरून पडून मेला. मग म्यॉर्नर नावाचा एक लेफ्टनंट पॅरिसला गेला आणि कुणी सांगितलेलं नसताना नेपोलियनच्या बेर्नादोत या सेनानीला राजमुकुट देऊ करून आला! परतल्यावर त्याला घरात नजरकैदेत टाकलं, आणि तरी सौदा जमला. फ्रान्समधल्या पो गावच्या वकिलाचा हा मुलगा दत्तक गेला, कार्ल योहान झाला आणि 5 फेब्रुवारी 1818 रोजी गादीवर आला. स्वीडिश त्याला शेवटपर्यंत नीट आली नाही.

त्याच वर्षी, 26 जूनला, नागपूरच्या गादीवरही एक दत्तक बसला.

भोसल्यांना दत्तक नवा नव्हता. निपुत्रिक जानोजींनी भाऊ मुधोजींचा मुलगा घेतला होता. पण त्या पोराच्या नावाने कारभार कुणी करायचा, यावरून मुधोजी आणि साबाजी हे सख्खे भाऊ 1775 च्या जानेवारीत पाचगावला भिडले. हे पाचगाव उमरेड रस्त्यावर, आजच्या मिहानपासून फार लांब नाही. जिंकत आलेले साबाजी हत्तीवरून भावाला शरण ये म्हणायला पुढे गेले आणि मुधोजींच्या गोळीने पडले, असं सांगतात. पुढचा रघुजी दुसरा म्हणजे तोच दत्तक मुलगा. त्याचा मुलगा परसोजी 1817 मध्ये मारला गेला, मग गादीवर त्याचा चुलतभाऊ आप्पासाहेब, इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई, आप्पासाहेबांची पदच्युती. हे सगळं नागपूरकरांना पाठ आहे.

पाठ नसतं ते यापुढचं. परसोजींच्या विधवा दुर्गाबाईंच्या मांडीवर रघुजी दुसऱ्यांच्या मुलीचा मुलगा, बाजीबा गुजर, दत्तक दिला गेला. तो रघुजी तिसरा. म्हणजे नवरा वारल्यावर बायकोने घेतलेला दत्तक, तोही लेकीच्या बाजूचा. ईस्ट इंडिया कंपनीने तो बिनतक्रार मान्य केला, कारण तेव्हा तिलाच राजा हवा होता.

हेच रघुजी 11 डिसेंबर 1853 रोजी पुत्र न ठेवता वारले. राण्यांनी यशवंतराव अहेररावांना दत्तक घेतलं, जानोजी नाव ठेवलं. रीत 1818 चीच, पण या वेळी ती चालली नाही. गव्हर्नर-जनरल डलहौसीचं टिपणातलं म्हणणं असं की हे राज्य 1818 मध्ये आम्हीच बक्षीस दिलं होतं, घेणारा संपला की बक्षीस परत. त्याच टिपणात त्याने इंग्लंडला लागणाऱ्या कापसाचाही हिशोब मांडला, आणि माझ्या मते खरा युक्तिवाद तोच. कौन्सिलमधल्या कर्नल लो याने विरोध लिहून ठेवला, पण एकट्याचं कोण ऐकणार? गंमत म्हणजे त्या क्षणी स्टॉकहोममध्ये बेर्नादोतचा मुलगा ऑस्कर राज्य करत होता. दत्तकाचा मुलगा म्हणून लंडनला त्याच्या गादीत काही खोट दिसली नाही.

राज्य खालसा झालं. वाड्यातले हत्ती-घोडे मातीमोल विकले गेले, जवाहीर कलकत्त्याला लिलावाला गेलं. सामान हलवाल तर वाडा पेटवून देईन, असं रघुजी दुसऱ्यांच्या वृद्ध राणी बांकाबाईंनी बजावल्याची नोंद जॉन केई या इंग्रज इतिहासकारानेच ठेवली आहे. सामान हललंच. पण 1857 च्या उठावात याच बांकाबाईंनी नागपूर शांत ठेवायला इंग्रजांना हातभार लावला. त्यांचा तो निर्णय मला अजून पचत नाही. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

जानोजींचा दत्तक नंतर मान्य झाला. किताब मिळाला राजाबहादूर, पण 'देऊरचे'. हे देऊर म्हणजे सातारा जिल्ह्यातलं गाव. नागपूरचं नाव त्यात नव्हतं.

खापरीकडच्या त्या वंशावळीत 'दत्तक' या शब्दावर कार्यालयाचा गोल शिक्का आहे. शिक्क्याची शाई पसरल्याने आजोबांचं नाव वाचता येत नाही.