डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर सात दिवस

भूमध्य समुद्राचें नांव काढतांच निळें पाणी, स्वच्छ ऊन आणि द्राक्षांचे मळे हें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. तें खोटें नाहीं; पण अपुरें आहे. त्या समुद्राचा एक लांबट फांटा इटली व बाल्कन द्वीपकल्प यांच्यामधून उत्तरेस शिरला आहे. त्यास एड्रियाटिक समुद्र म्हणतात. त्याच्या पूर्व कांठावर, आजच्या क्रोएशिया देशांत, डाल्मेशिया नांवाचा प्रदेश आहे. स्प्लिटपासून डुब्रोव्हनिकपर्यंतचा हा किनारा आणि त्यासमोरचीं बेटें दाखविणाऱ्या आठवड्याभराच्या सहली उन्हाळ्यांत सारख्या चालू असतात. वीस-पंचवीस माणसें, बरोबर एक वाटाड्या, कधीं मोटार तर कधीं बोट, अशी ही यात्रा असते. सात दिवसांत डोळ्यांना पुष्कळ दिसतें. परंतु पाहिलेलें समजण्यास एक सूत्र हातीं धरावें लागतें. तें सूत्र असें कीं, येथील जुने दगड टिकले ते त्यांत माणसें राहत आलीं म्हणून.

आरंभ भूगोलापासून केला पाहिजे. किनाऱ्यास समांतर असे चुनखडीचे उंच डोंगर उभे आहेत. हिमयुग संपून समुद्राची पातळी वाढली, तेव्हां बाहेरच्या रांगांमधल्या दऱ्या पाण्याखालीं गेल्या आणि माथे तेवढे वर राहिले. तींच हीं बेटें. म्हणून तीं बहुतेक किनाऱ्याच्या रोखानें लांबट पसरलेलीं दिसतात. लहानमोठीं बेटें व खडक मिळून क्रोएशियाच्या वांट्यास बाराशेंहून अधिक येतात. वस्ती मात्र थोड्यांवरच आहे. चुनखडीवर पाणी ठरत नाहीं, तें भेगांतून खालीं जातें. त्यामुळें माती थोडी, पाणी थोडें आणि दगड अमाप. उन्हाळ्यांत पाऊसही तुरळकच. द्राक्षवेल, ऑलिव्ह आणि अंजीर हीं अशा कोरड्या जमिनींत तग धरतात. शेतकऱ्यानें पिढ्यान् पिढ्या दगड वेंचून त्यांचे बांध घातले आणि मोकळ्या झालेल्या चार हात मातींत वेल लावली.

सहलीचे पहिले दोन दिवस स्प्लिट शहरांत जातात. रोमन बादशहा डायोक्लिशियन हा याच भागांतला. इ. स. ३०५ मध्यें त्यानें आपण होऊन सिंहासन सोडलें आणि समुद्रकांठीं बांधलेल्या आपल्या वाड्यांत तो येऊन राहिला. पुन्हां राज्य हातीं घ्यावें असा आग्रह झाला, तेव्हां ‘माझ्या हातानें लावलेला भाजीपाला पाहाल तर असा आग्रह करणार नाहीं’ अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिल्याची कथा आहे. वाडा समोरच्या ब्राच बेटावरच्या पांढऱ्या दगडाचा. त्याची एकेक बाजू दोनशें मीटरांच्या आसपास भरते. सातव्या शतकांत जवळचें सलोना हें मोठें शहर आक्रमकांनीं उद्ध्वस्त केलें आणि तेथील निर्वासित या वाड्याच्या तटाआड आले. त्यांनीं दालनांत भिंती घातल्या, कमानींत चुली मांडल्या, आणि वाड्याचें गांव झालें. बादशहाच्या समाधीचें पुढें ख्रिस्ती मंदिर झालें. तें संत दोम्नियस याच्या नांवें आहे. हा सलोनाचा बिशप. याच बादशहाच्या अमदानींत, ३०४ सालीं, धर्मासाठीं त्यास प्राणास मुकावें लागलें. छळणाऱ्याच्या समाधीवर छळ सोसणाऱ्याचें नांव लागलें! आजही तटाच्या आंत कुटुंबें राहतात आणि रोमन भिंतीवरच्या दोरीवर धुणें वाळत असतें.

तिसऱ्या दिवशीं त्रोगिर. मुख्य भूमि व च्योवो बेट यांच्यामधल्या चिमुकल्या बेटावर हें गांव वसलें आहे. तेथील मंदिराचा दरवाजा रादोव्हान नांवाच्या शिल्पकारानें १२४० सालीं कोरला. देवदूत व संत यांच्या जोडीस त्यानें शेतकऱ्याचीं ऋतुमानाप्रमाणें चालणारीं कामेंही दगडांत आणलीं आहेत.

चौथ्या दिवशीं बोट ह्वार बेटास लागते. येथें वर्षाकाठीं सुमारें २,७०० तास ऊन मिळतें. बंदरावरच्या शस्त्रागाराच्या माडीवर १६१२ सालीं नाट्यगृह उभें राहिलें; सरदार आणि सामान्य जन एकाच छपराखालीं नाटक पाहूं लागले. परंतु बेटाचें खरें आश्चर्य स्तारीग्राद गांवाजवळच्या शेतांत आहे. ख्रिस्तपूर्व ३८४ मध्यें पारोस बेटावरून आलेल्या ग्रीक लोकांनीं ही जमीन मोजून तिचे सारखे चौकोनी तुकडे पाडले व दगडी बांध घातले. त्यांतले पुष्कळसे बांध आजही जाग्यावर आहेत आणि त्यांत द्राक्षें व ऑलिव्ह पिकत आहेत. सुमारें चोवीसशें वर्षें जमीन कसली गेली, म्हणून ती मोजणी टिकली.

पांचव्या दिवशींचें कोर्चुला गांव वाऱ्यांचा विचार करून रचलेलें आहे. हिवाळ्यांत ईशान्येकडून ‘बुरा’ हा थंड, झोंबरा वारा सुटतो. उन्हाळ्यांत दुपारीं वायव्येकडून ‘मायस्ट्राल’ ही सुखद झुळूक येते. म्हणून पश्चिमेच्या गल्ल्या सरळ ठेवून झुळकेस वाट दिली आहे आणि पूर्वेच्या गल्ल्या वांकड्या करून बुरा अडविला आहे. मार्को पोलो येथलाच, असें गांवकरी अभिमानानें सांगतात. त्यास भक्कम पुरावा नाहीं. १२९८ सालीं व्हेनिस व जिनोआ यांची मोठी आरमारी लढाई या बेटापाशीं झाली, हें मात्र खरें. त्याच पोलोच्या प्रवासवर्णनांत आपल्या ठाण्याच्या राज्याचीही हकीकत आहे.

उरलेले दोन दिवस डुब्रोव्हनिकचे. १८०८ पर्यंत हें रागुसा नांवाचें व्यापारी प्रजासत्ताक होतें. त्याच्या अध्यक्षाची मुदत एकच महिन्याची असे. साथीच्या गांवांहून आलेल्यांनीं तीस दिवस बाहेर थांबावें, असा कायदा या नगरानें १३७७ सालीं केला. पंधराव्या शतकांत सुमारें बारा किलोमीटरांवरून नळानें पाणी आणलें. नगराचा संरक्षक संत ब्लेझ. जुन्या गोव्याजवळ गवंडाळी येथें याच संताचें चर्च आहे, आणि त्याचा संबंध रागुसाच्या व्यापाऱ्यांशीं जोडणारी परंपरा आहे.

१६६७ च्या भूकंपांत नगर कोसळलें; लोकांनीं पुन्हां उभारलें. १९९१ च्या युद्धांत वेढा पडला आणि ६ डिसेंबर रोजीं तोफांचा भयंकर मारा झाला. त्या युद्धांत जुन्या नगरांतील निम्म्याहून अधिक इमारतींना तोफांचा मारा लागला. १,९४० मीटर लांबीच्या तटावरून फिरतांना खालचीं छपरें नीट पाहावीं. फिकट कौलें जुनीं. तांबडीं लाल कौलें त्या माऱ्यानंतरचीं.

जें काम भूकंपानें व तोफांनीं झालें नाहीं, तें आतां पाहुण्यांच्या गर्दीनें होईल कीं काय, ही तेथील चिंता आहे. १९९१ सालीं तटाच्या आंत सुमारें पांच हजार लोक राहत. आतां दोन हजारही उरले नाहींत. घर भाड्यानें दिल्यास प्रवाशाकडून अधिक पैसा मिळतो; मग कुटुंब तटाबाहेर जातें आणि त्यामागून वाणी व चांभारही जातात. प्रवाशांच्या पैशावरच गांवाचा संसार चालत असल्यामुळें त्यांना येऊं नका म्हणतां येत नाहीं. म्हणून २०१९ पासून एका वेळीं दोनच मोठ्या प्रवासी बोटी येऊं द्याव्या, असें नगरानें ठरविलें.

सात दिवसांच्या पाहुण्याच्या हातीं थोडेंच असतें. परंतु तें कांहींच नाहीं असें नव्हे. त्यानें शक्य तर ऐन उन्हाळा टाळून वसंतांत किंवा शरदांत जावें, गांवांत रात्रीचा मुक्काम करावा, भाजी पिकविणाऱ्याकडून घ्यावी आणि वाटाड्यास राजांच्या सनावळीबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा: या गल्लींत आज कोण राहतें? ज्या गल्लींत त्याचें उत्तर मिळतें, ती गल्ली अजून जिवंत आहे.