शितावरून नळीची परीक्षा होत नाहीं

वाशीच्या एपीएमसी मार्केटांतील मसाल्याच्या बाजारांत एखादा जाणता व्यापारी माल कसा पारखतो, हें पाहण्यासारखें असतें. धण्याच्या पोत्यांत तो टोंकदार पोकळ नळी खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, हुंगतो, दोन दाणे दांतांखालीं चिरडतो, आणि तेवढ्यावरून साऱ्या थप्पीचा भाव ठरतो. आपल्या शास्त्रकारांनीं ह्यास स्थालीपुलाकन्याय असें नांव दिलें आहे. घरांतील वडीलधाऱ्या बायका शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. संसाराचा बहुतेक व्यवहार ह्याच न्यायावर चालतो, व तसा तो चालणें योग्यहि आहे. परंतु आधुनिक पदार्थविज्ञानांत एक काम असें आहे कीं, तेथें हा न्याय लंगडा पडतो. त्याची हकीकत वाचकांस सादर करावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

ह्या बाजाराच्या परिसरांतच भारत सरकारच्या ‘ब्रिट’ ह्या संस्थेचा एक कारखाना २००० सालीं सुरू झाला. तेथें कोबाल्ट-६० ह्या धातूच्या किरणांनीं मसाल्यांतील जंतूंचा नाश करतात. हे किरण डोळ्यांस दिसत नाहींत व नाकासहि कळत नाहींत. ते ओळखण्याचें एक प्रसिद्ध साधन गायगर व म्यूलर ह्या जर्मन शास्त्रज्ञांनीं १९२८ सालीं सिद्ध केलें. त्याची रचना अगदीं साधी आहे. एक बंद नळी, तिच्या मधोमध ताणलेली बारीक तार, आंत आर्गॉनसारखा वायु आणि तारेवर विजेचा मोठा दाब. किरण आंत शिरला कीं वायूच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतात; ते तारेकडे धांवतांना वाटेंतील इतर अणूंना धक्के देतात; एकाचे अनेक होतात, आणि तारेवर विजेचा एक ठोका उमटतो. तो ठोका हीच त्या अदृश्य पाहुण्याची चाहूल होय.

ह्याच तत्त्वावर शास्त्रज्ञांनीं पुढें मोठमोठीं यंत्रें उभारलीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें उटकमंड येथें विश्वकिरणांच्या अभ्यासासाठीं ३,७१२ नळ्या मांडल्या. त्यांतील प्रत्येक नळी सहा मीटर लांब आहे. युरोपांत जिनीव्हाजवळील ‘सर्न’ संस्थेंतील एका प्रयोगांत ७,१६८ नळ्या आहेत. त्यांची जाडी बोटाएवढी असली तरी भिंत अवघी ३६ सहस्रांश मिलिमीटर, म्हणजे मनुष्याच्या केसाहून बारीक! शिवाय ह्या नळ्या निर्वात पोकळींत बसविल्या आहेत.

आतां अशा नळीस सुईच्या अग्राहूनहि सूक्ष्म छिद्र राहिलें, तर काय होईल? बाहेरच्या हवेंतील प्राणवायु आंत शिरला, तर तो सुटे इलेक्ट्रॉन वाटेंतच गिळतो. ठोका क्षीण होतो आणि पाहुणा येऊन गेला तरी यजमानास पत्ता लागत नाहीं. निर्वात पोकळींतील नळी फुटकी असेल तर उलट प्रकार होतो. तिचा वायु बाहेर पडून सर्वांसाठीं राखलेली पोकळी बिघडवितो. एका नळीचा दोष सात हजारांस भोंवतो! पोत्यांतील एक दाणा किडका निघाल्यानें व्यापाऱ्याचें दिवाळें वाजत नाहीं. येथें मात्र एकीचें पाप साऱ्यांच्या माथीं बसतें. म्हणून मूठभर नळ्या तपासून भागत नाहीं, एकूणएक नळी तपासावी लागते.

ही तपासणी दिसते तितकी सोपी नाहीं. स्वयंपाकाच्या गॅसच्या जोडास साबणाचें पाणी लावून बुडबुडे पाहावे, हा उपाय गृहिणींस ठाऊकच आहे. (काडी ओढून पाहणें हा मात्र आत्मघात होय.) मोठें छिद्र ह्या उपायानें सांपडतें, सूक्ष्म छिद्र सांपडत नाहीं. त्यासाठीं आंत थोडा जादा वायु भरून दाब उतरतो कीं काय, हें तासन् तास पाहावें लागतें. आणि फसगत होते ती येथेंच.

न्यूट्रिनो ह्या सूक्ष्म कणांच्या अभ्यासासाठीं तामिळनाडूंतील डोंगराखालीं एक वेधशाळा योजिली होती. तींत नळ्यांऐवजीं कांचेच्या पातळ पेट्या बसावयाच्या होत्या, त्याहि अठ्ठावीस हजारांहून अधिक. दोन कांचांमध्यें अंतर अवघें दोन मिलिमीटर, आणि त्यांत मुख्यतः शीतकपाटांत वापरतात तो वायु. पेटी गळते कीं नाहीं, हें पाण्याच्या वांकड्या नळीनें पाहण्याची जुनी रीत आहे. आंतील जादा दाब असतो कांहीं सेंटिमीटर पाण्याइतका. परंतु बंद पेटीचें उष्णमान एक अंशानें वाढलें तर दाब सुमारें साडेतीन सेंटिमीटर पाण्याइतका चढतो. शिवाय आपल्या प्रदेशांत बाहेरचा वायुभार रोज दोनदां, सकाळीं व रात्रीं दहाच्या सुमारास, चढतो व चारच्या सुमारास उतरतो. ही चढउतारहि तीन-चार सेंटिमीटरांची! म्हणजे गुन्हा जेवढा शोधावयाचा, तेवढीच साक्षीदाराची चूक. धड पेटी गळकी ठरावी आणि गळकी धड ठरावी, असा अन्याय घडूं शकतो.

टाटा संस्थेंतील संशोधकांनीं ह्यावर काढलेला तोडगा मार्मिक आहे. बाहेरच्या हवेशीं तुलना न करतां पेटीच्या आंतील संपूर्ण दाब व उष्णमान लहानशा संवेदकांनीं मोजावयाचें. बाहेरचेंहि तसेंच मोजावयाचें. आणि गणितानें हवामानाचा वांटा वजा करून जी घट उरेल तीच खरी गळती मानावयाची. आरोपीवर ठपका ठेवण्यापूर्वीं साक्षीदाराची उलटतपासणी करावी, हें न्यायाचें तत्त्वच येथें उपयोगीं पडलें आहे.

ती वेधशाळा पुढें कायदेकज्जे व स्थानिक विरोध ह्यांत अडकली, हें खेदानें नमूद करावें लागतें. तथापि परीक्षेची रीत वायां जात नाहीं. ह्या वायूंची गळती म्हणजे केवळ खर्च नव्हे. शीतकपाटाचा उपर्युक्त वायु, वजनास वजन धरल्यास, कर्बद्विप्राणिदाहून हजार पटींहून अधिक पृथ्वी तापवितो.

शास्त्राच्या मोठ्या शोधांस मानपत्रें मिळतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रें येतात. पण त्या शोधांच्या पायाशीं बसून एकेक नळी हातीं घेणाऱ्या, तिचा दाब तासातासाला टिपणाऱ्या आणि शंका राहिल्यास पुन्हां मोजणाऱ्या माणसांचीं नांवें क्वचितच कोणास कळतात. घरांतील एखादा मुलगा वा मुलगी प्रयोगशाळेंतील असें मुकें काम पत्करील, तर ‘एवढें शिकून हेंच का?’ असें वडील मंडळींनीं विचारूं नये. निसर्गाची साक्ष खरी उतरावी म्हणून आधीं साक्षीदार पारखावा लागतो, आणि तो पारखणाऱ्याची योग्यता शोध लावणाऱ्याहून तिळमात्र कमी नाहीं.