एकदा चिकटला की चिकटला! फोटोसाठी ड्राय माउंट टिश्यू निवडण्याआधी हे वाचा

हौसेने फोटोचा मोठा प्रिंट काढायचा, फ्रेम करून भिंतीवर लावायचा आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याला लाटा आलेल्या बघायच्या. किनारपट्टीवरच्या घरांत हे नेहमीचंच. कागद हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि पसरायला जागा उरली नाही की वाकतो. साध्या गोंदाने चिकटवावा, तर गोंदातल्या पाण्यानेच सुरकुत्या पडतात.

यावरचा जुना उपाय म्हणजे ड्राय माउंटिंग, म्हणजेच पाणी न वापरता उष्णतेने चिकटवणं. प्रसिद्ध अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्स आपले प्रिंट असेच बोर्डावर चढवत.

हा टिश्यू म्हणजे नेमकं काय?

दोन्ही बाजूंना उष्णतेने वितळणारा चिकट थर दिलेला हा पातळ कागद असतो. काही प्रकारांत कागद नसतोच, नुसती चिकट फिल्म असते. तो प्रिंट आणि बोर्ड यांच्यामध्ये ठेवून गरम प्रेसमध्ये दाबतात.

कोणता टिश्यू निवडायचा?

मुख्य प्रकार दोन आहेत. कायमचा टिश्यू एकदा चिकटला की प्रिंट खराब न करता निघणं जवळपास अशक्य. दुसरा काढता येण्याजोगा. तो पुन्हा गरम केला की सैल होतो. मात्र याची खरी पकड थंड होताना बसते, त्यामुळे प्रेसमधून काढल्यावर लगेच सपाट वजनाखाली ठेवावा लागतो.

निवड ठरते ती प्रिंटच्या कागदावरून. आजकालच्या अनेक फोटोपेपरवर पॉलिथिलीन या प्लास्टिकचा थर असतो. हे प्लास्टिक साधारण १०५ ते ११५ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणजे जास्त उष्णता मिळाली तर प्रिंटला फोड येतात. अशा प्रिंटसाठी कमी तापमानाला चिकटणारा टिश्यू घ्यायचा आणि पाकिटावर लिहिलेलं तापमान पाळायचं. डार्करूममध्ये वापरला जाणारा फायबर कागद उष्णता त्यापेक्षा जास्त सोसतो. इंकजेट प्रिंट असेल, तर आधी एखाद्या वाया गेलेल्या प्रिंटवर प्रयोग करून पाहिलेला बरा.

वापरायचा कसा?

आधी बोर्ड आणि फायबर प्रिंट थोडा वेळ गरम प्रेसमध्ये ठेवून त्यांतला ओलावा घालवतात. मग प्रिंट पालथा करून टिश्यू छोट्या इस्त्रीने मध्यभागी टेकवतात आणि दोन्ही एकत्र कापून कडा जुळवतात. प्रिंट बोर्डावर जागच्या जागी ठेवल्यावर कोपरे हलकेच उचलून टिश्यू बोर्डाला टेकवायचा. वर सिलिकॉनचा रिलीज पेपर ठेवून प्रेसमध्ये दाबायचं. धुळीचा एक कण जरी आत राहिला तरी तो उंचवट्यासारखा कायमचा दिसतो, म्हणून प्रत्येक टप्प्यावर ब्रश फिरवायचा.

घरची इस्त्री चालेल का? छोट्या प्रिंटला चालू शकते, पण वाफ पूर्ण बंद हवी आणि इस्त्री रिलीज पेपरवरूनच, मधून कडेकडे फिरवायची. तिची उष्णता सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे मोठ्या प्रिंटला बुडबुडे राहण्याची भीती असते.

बोर्ड आम्लमुक्तच घ्या. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल काही वर्षांत कागद पिवळा पाडतं.

हे कधीच करू नका

आजी-आजोबांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो, जुना स्टुडिओ प्रिंट किंवा मागे कुणाच्या हातचं काही लिहिलेला फोटो ड्राय माउंट करू नये. मागचा मजकूर कायमचा झाकला जातो आणि चूक झाली तर दुसरी प्रत नसते. ‘काढता येण्याजोगा’ टिश्यूही इथे नको, कारण काढताना पुन्हा उष्णता द्यावीच लागते. असा फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवावा आणि समोर खिडकी कापलेला माउंट बोर्ड लावावा, म्हणजे तो काचेला चिकटत नाही. किंवा फोटो स्कॅन करून त्याचा नवा प्रिंट काढावा. तो हवा तसा चिकटवता येतो, आणि मूळ फोटो कपाटात कोरडा, सुरक्षित राहतो.