शिकवल्याने मुले बिघडतील का?



शाळेत लैंगिक शिक्षण द्यायचे म्हटले की पुष्कळ आईवडिलांच्या मनात एकच भीती येते, मुले बिघडतील. केंद्र सरकारने २००५ साली किशोरवयीन मुलांसाठी असा कार्यक्रम आणला. २००७ साली त्यातील चित्रांवर आक्षेप आले आणि महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो थांबवला.

ही भीती मायेपोटी असते. पण युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत जगभरातील अभ्यासांचा आढावा आहे. अशा शिक्षणामुळे मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळतात असे त्यात आढळले नाही.

या पाठांत असते तरी काय? वयात येतानाचे बदल, पाळीतील स्वच्छता, एचआयव्ही कसा पसरतो, वाईट स्पर्श कसा ओळखावा आणि कोणाला सांगावा. पाड्यावर मुलीला आई किंवा आजी जवळ असते. आश्रमशाळेत पहिली पाळी आली तर ती कोणाला विचारणार? बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे, १०९८ हा मोफत फोन क्रमांकही आहे. मात्र घडले ते सांगायला शब्दच नसतील, तर लेकरू गप्प राहते.

शरीर ही देवाची देणगी आहे. तिची ओळख करून देण्यात पाप नाही. तुमच्या गावच्या शाळेत हा विषय निघाला, तर विरोध करण्याआधी पाठ मागून घ्या, वाचा. मुलींना हे बाई शिकवणार का, तेही विचारा. घरापासून दूर शिकणाऱ्या लेकरांना प्रार्थनेत आठवा.